काळ्या मातीतील शर्यत : पावसाळी तयारीच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी कोरेगाव तालुक्यात माउंटन बाइकची स्थानिक शर्यत आहे. साधारण सहा किलोमीटरचा फेरा चार वेळा पूर्ण करायचा असून त्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग शेतांमधल्या पाणंदीतून, तर उरलेला माळावरून आणि ओढ्याच्या काठाने जातो. पाऊस असला तरी शर्यत होणारच आहे, किंबहुना पावसासाठीच ती ऑगस्टमध्ये ठेवलेली आहे.

मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रशाळेत गुणवत्ता तपासनीस म्हणून काम करते. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात असल्यामुळे सायकलीच्या बाबतीतही मोजल्याशिवाय माझे समाधान होत नाही. चिखलातील शर्यतीविषयी जे सल्ले ऐकायला मिळतात, ते बहुतेक सगळे चिखल म्हणजे एकच पदार्थ आहे असे गृहीत धरून दिलेले असतात. माझे सासर परळी खोऱ्यात उरमोडीच्या बाजूला आहे आणि तिथली वरची जमीन तांबडी आहे. माहेर वसना नदीच्या काठी असून तिथे काळी, खोल जमीन आहे. दोन्हीकडे मी पावसाळ्यात अनवाणी चालले आहे आणि या दोन चिखलांत साम्य फार थोडे आहे, हे पायांना ठाऊक आहे. तेव्हा या प्रकल्पाचा हेतू असा, की दोन्ही मातींत पावसानंतर ठरावीक वेळाने सायकल चालवायची, सायकलीला चिकटलेला चिखल वजन करून नोंदवायचा आणि त्यावरून टायर, हवेचा दाब व प्रत्येक फेऱ्याचा वेग ठरवायचा.

सायकल ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली आणि २९ इंची चाकांची आहे. पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे ११ गिअर आहेत. स्वच्छ व कोरडी असताना हुकाच्या वजनकाट्यावर ती १३.१ किलो भरली.

९ जून, रविवार

मृगाचा पाऊस वेळेवर आला. सासरच्या शेताभोवती दोन किलोमीटरचा फेरा आखला आहे. तो तांबड्या मातीतून चढतो, जांभ्या दगडाच्या एका कातळावरून जातो आणि ओघळीच्या कडेने खाली उतरतो. पाऊस थांबल्यावर तासाभराने फेरा मारला, तेव्हा सायकलीचे वजन ०.८ किलोने वाढले. नंतर दुपारी, जमीन अर्धवट सुकल्यावर पुन्हा मोजले तर वाढ १.१ किलो होती. टायर घसरत होते, विशेषतः कातळावर शेवाळ धरू लागले आहे तिथे, पण चाक अडकले कुठेही नाही.

आबा, म्हणजे माझे सासरे, बांधावर बसून हे सारे पाहत होते. त्यांनी मूठभर माती उचलून तिचा गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा पडून चपटा झाला, फुटला नाही. “अजून वापसा नाही,” ते म्हणाले. “औत घातलं तर माती फाळाला धरेल. तुझ्या चाकालाही धरेल, पण ही माती फार धरत नाही. माहेरी जाऊन बघ.” पेरणीसाठी वापसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकीच ओल जमिनीत उरलेली अवस्था, ओळखण्याची ही पद्धत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत आणि मला हवी असलेली चाचणी नेमकी तीच आहे.

२३ जून, रविवार

आजची नोंद महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहाटे माहेरी जोराचा पाऊस झाला आणि साडेसहाच्या सुमारास उघडला. अण्णांच्या शेताकडे जाणारी पाणंद दोन्ही बाजूंनी आल्याच्या आणि घेवड्याच्या रानांमधून जाते. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्याने भरलेल्या होत्या. सात वाजता दोन किलोमीटरचा फेरा मारला, तेव्हा चिखल पातळ होता, अंगावर उडत होता, पण चाकावरून गळूनही पडत होता. वजनात १.४ किलोची वाढ झाली. सायकल धुऊन साडेनऊला पुन्हा फेरा मारला, तर वाढ ३.२ किलो. साडेअकराला ऊन पडले होते, चाकोऱ्यांतले पाणी जिरले होते आणि रस्ता दिसायला बराच सुधारलेला होता. या वेळी अर्ध्या वाटेतच मागचे चाक फिरायचे थांबले. माती टायर आणि सांगाडा यांच्यामध्ये भाकरीच्या पिठासारखी मळली जाऊन घट्ट बसली होती. तिथूनच सायकल उचलून वजन केले, तर १८.४ किलो भरले, म्हणजे ५.३ किलोची वाढ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाने त्याच पाणंदीत तोच फेरा मारून आकडा कळवला, तो ०.६ किलो होता.

म्हणजे शर्यतीला सर्वांत वाईट वेळ भर पावसाची नसून पाऊस उघडल्यानंतरच्या काही तासांची असते. याचे कारण मातीच्या घडणीत आहे. दख्खनच्या काळ्या कातळाची, बेसॉल्टची झीज होऊन काळी माती तयार होते आणि तिच्यातली चिकणमाती फुगणाऱ्या जातीची असते. तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या थरांमध्ये पाणी शिरते, माती फुगते आणि उन्हाळ्यात तेच पाणी गेल्यावर जमिनीला हातभर भेगा पडतात. सह्याद्रीच्या माथ्याकडे अतिपावसाने त्याच खडकातले विद्राव्य घटक वाहून जाऊन लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात, ती जांभ्याची तांबडी माती. तिच्यातली चिकणमाती जवळजवळ फुगत नाही. अल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीच्या या अवस्थांच्या मर्यादा ठरवल्या. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की माती वाहू लागते, दुसऱ्या मर्यादेखाली आले की ती भुगा होते, आणि या दोहोंच्या मध्ये ती मळता येते व चिकटते. काळ्या मातीत हा मधला पल्ला फार मोठा असतो. साडेअकरा वाजता मी त्या पल्ल्याच्या ऐन मध्यावर होते.

खालच्या मर्यादेची चाचणी प्रयोगशाळेबाहेरही करता येते. ओली माती तळहाताने लाटून साधारण तीन मिलिमीटर जाडीची वळी करायची. ती त्या जाडीलाच तुटू लागली तर माती मर्यादेवर आहे, आणि न तुटता आणखी बारीक होत गेली तर अजून मळण्याच्या अवस्थेत आहे. आबांचा गोळा आणि ॲटरबर्गची वळी एकाच गोष्टीचे मोजमाप करतात, याचा मला फार आनंद झाला.

६ जुलै, शनिवार

टायर बदलले. जुने २.२५ इंच रुंद होते आणि सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणात प्रत्येक बाजूला फक्त ६ मिलिमीटर जागा उरत होती. नवे २ इंचाचे आहेत, त्यांची नक्षी उंच आणि विरळ आहे, आणि आता ९ मिलिमीटर जागा मिळते. कोरड्या वाटेवर रुंद टायर चांगला, हे खरेच आहे. परंतु चिखलात अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या टणक जमिनीपर्यंत पोहोचतो आणि विरळ नक्षीतून माती झटकली जाते. पोवई नाक्याजवळच्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींनी ट्यूब काढून सीलंट भरून दिले. बाभळीचा काटा रुतला तरी सीलंट ते भोक बुजवते, आणि ट्यूब चिमटून पंक्चर होण्याची भीती नसल्यामुळे दाब कमी ठेवता येतो. माझे वजन ५४ किलो आहे. पुढे १८ आणि मागे २० पीएसआय इतका दाब तांबड्या फेऱ्यावरच्या ओल्या कातळाला उत्तम लागू पडला. काळ्या मातीच्या चिकटण्यावर मात्र दाबाचा काहीच परिणाम दिसला नाही.

१४ जुलै, रविवार

सरावाचे वेळापत्रक आता बसले आहे. पहाटे पावणेपाचला उठते, मुलीचा आणि माझा डबा करते आणि सव्वासहाला सायकलवरूनच कामाला निघते. पाळी साडेतीनला सुटते. मंगळवारी आणि गुरुवारी घरी परतण्याऐवजी समर्थ मंदिरावरून यवतेश्वराचा घाट चढते. आषाढात हा घाट ढगात असतो, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा दहा-पंधरा पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही, म्हणून मागे-पुढे दोन्हीकडे दिवे लावूनच जाते. मुलगी तोवर जाऊबाईंकडे अभ्यास करते. जाऊबाईंच्या या आधाराशिवाय या नोंदींतले एकही पान लिहिले गेले नसते.

आज सकाळी कासपर्यंत डांबरी रस्त्याने जाऊन आले. सातारा शहरापासून पठार सुमारे २५ किलोमीटरवर आणि शहरापेक्षा जवळपास पाचशे मीटर उंचावर आहे. काही जण तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाटीवर, सायकली घालतात, त्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि त्या थरातच दवबिंदू, सीतेची आसवं यांसारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पती वाढतात. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत या पठाराचा समावेश झाला. ओल्या दिवसात एका टायरची चाकोरी तिथे पडली तर पाणी त्या चाकोरीने वाहू लागते आणि उरलेला थरही घेऊन जाते. सराव करायला पाणंदी, माळरस्ते आणि स्वतःची शेते भरपूर आहेत. सड्यावर चाक जाता कामा नये.

२४ जुलै, बुधवार

बेंदूर आटोपला आणि पावसाने जोर धरला. सायकलीच्या झिजेची मोजणी केली.

ब्रेकच्या रेझिन पॅडचा थर मागे १.८ मिलिमीटर होता, तो तांबड्या फेऱ्यावरच्या एका लांब सरावात १.३ वर आला. काळा चिखल बारीक असतो, तांबड्यात लोहाचे कण असल्यामुळे तो घासतो. अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे असतात. त्यामुळे शर्यतीसाठी धातूमिश्रित पॅड बसवले. ते थोडे कर्कश वाजतात, पण ओल्यात जास्त टिकतात.

साखळीच्या दर दोन कड्यांची लांबी बरोबर एक इंच असते, त्यामुळे वीस कड्यांची लांबी नवेपणी २५४.० मिलिमीटर भरते. माझी आज २५४.७ भरली. अर्धा टक्का वाढ झाली, म्हणजे मापन २५५.३ वर पोहोचले, की ११ गिअरच्या सायकलीची साखळी बदलावी, नाहीतर ती मागच्या दात्यांनाही झिजवते. अजून वाव आहे. पावसाळ्यात दाट तेल वापरते आणि प्रत्येक सरावानंतर साखळी पुसून पुन्हा तेल देते. सायकल धुताना बेअरिंगांवर जोराचा फवारा मारत नाही, कारण त्या दाबाने पाणी सीलमधून आत जाते आणि ग्रीस बाहेर येते.

२९ जुलै, सोमवार

संध्याकाळी पॅरिस ऑलिंपिकमधील पुरुषांची माउंटन बाइक शर्यत मोबाइलवर पाहिली. एलांकूरच्या टेकडीवरील मार्ग खडीचा आणि कोरडा होता. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे चाक शर्यतीच्या मध्यात पंक्चर झाले, ठरवून दिलेल्या साहाय्य क्षेत्रात त्याने ते बदलून घेतले, आणि तरीही तो पुढच्यांना गाठून सुवर्णपदक मिळवून गेला.

हा खेळ मुळात कोरड्या धुळीचा आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत उतारावरच्या ‘रिपॅक’ शर्यती सुरू झाल्या, त्यांना ते नाव पडले कारण जुन्या सायकलींच्या हबमधील ब्रेक तापून ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक उतारानंतर ते नव्याने भरावे लागे. चिखलाची विद्या मात्र युरोपातील सायक्लोक्रॉस या कच्च्या वाटांवरील सायकल शर्यतीच्या जुन्या खेळाने घडवली. तिथे मोठ्या शर्यतीत चिखल वाढला, की स्वार अर्ध्या फेऱ्याला सायकल बदलतो आणि तो दुसरीवर असेपर्यंत मदतनीस पहिली धुऊन ठेवतात. आमच्या शर्यतीत एक स्वार आणि एकच सायकल असा नियम आहे. मदतनीस नसल्यामुळे चिखल चिकटूच नये किंवा चिकटला तर काही क्षणांत काढता यावा, इतकाच मार्ग माझ्यापुढे उरतो.

४ ऑगस्ट, रविवार

सांगाड्याच्या ज्या फटींत माती साठते, विशेषतः पेडलच्या आसामागच्या पोकळीत आणि पुढच्या फोर्कच्या पुलाखाली, तिथे फोमचे तुकडे कापून बसवले. सांगाड्याच्या खालच्या बाजूला शेंगदाणा तेलाचा हात दिला, ब्रेकच्या चकत्या कापडाने झाकून. बांबूची एक चपटी पट्टी तासून हँडलला रबराने बांधली. माहेरच्या पाणंदीत तपासले तेव्हा चिकटण्याच्या अवस्थेतच त्याच फेऱ्याला वाढ ३.६ किलोवर आली आणि चाक शेवटपर्यंत फिरत राहिले. पट्टीने माती काढायला पंधरा सेकंद पुरतात.

त्याशिवाय सायकल खांद्यावर घेऊन चालण्याचा सराव केला. वरची नळी उजव्या खांद्यावर, उजवा हात खालच्या नळीखालून हँडलकडे, आणि डावा हात मोकळा. पाय निसटू नयेत म्हणून खिळ्यांच्या सपाट पेडलवर फुटबॉलचे बूट वापरत आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

मार्ग पाहून आले. संगम माहुलीवरून कृष्णा ओलांडून गेले तेव्हा पाणी गढूळ आणि दुथडी होते. फेऱ्यातील पाणंद दोन भागांत आहे. पहिला भाग उताराचा असून कडेच्या चरातून पाणी वाहून जाते, तिथे माती लवकर सुकेल. दुसरा भाग सपाट आहे, दोन्ही बाजूंना बांध आहेत आणि पाणी निघायला जागा नाही, त्यामुळे तिथे चिखल सर्वांत जास्त काळ पातळ राहील. दोन्ही ठिकाणची माती लाटून पाहिली, वळी अगदी बारीक होईपर्यंत तुटली नाही.

आराखडा असा केला. रात्री पाऊस होऊन पहाटे थांबला, तर आठ ते नऊ हे पहिले दोन फेरे पातळ चिखलात जातील, म्हणून ते पूर्ण जोराने आणि सायकलवर बसूनच मारायचे. तिसऱ्या फेऱ्यापासून उताराच्या पाणंदीत उतरून सायकल खांद्यावर घ्यायची, सपाट पाणंदीत मात्र चाकोरीतल्या पाण्यातूनच चालवायची, कडेच्या सुकलेल्या मातीवर जायचे नाही, कारण नजरेला चांगली दिसणारी तीच माती चाक धरते.

११ ऑगस्ट, रविवार

पाऊस पाचला थांबला आणि शर्यत आठला सुटली. माझे फेरे २८, २९, ३५ आणि ३९ मिनिटांचे झाले. महिलांच्या गटात दुसरी आले.

पहिले दोन फेरे ठरल्याप्रमाणे झाले. अनेक जण चिखल चुकवण्यासाठी कडेच्या हिरवळीवरून जात होते आणि गवतासकट माती गिअरमध्ये ओढून घेत होते. मी चाकोरीच्या मधोमध राहिले. तिसऱ्या फेऱ्यात ऊन पडले आणि उताराची पाणंद नेमकी त्या मधल्या अवस्थेत आली. तिथे मी उतरले तेव्हा पुढे-मागे साऱ्यांच्या सायकली अडकलेल्या होत्या, कोणी काठीने, कोणी बोटांनी माती उपसत होते. एका स्वाराचा मागचा गिअर मातीच्या ओढीने तुटून चाकात गेला.

माझ्या आधी पोहोचलेली तरुणी माण तालुक्यातून आली होती. तिची सायकल माझ्यापेक्षा साधी होती आणि टायर रुंद होते, परंतु पाणंदीच्या तोंडाशी येताच तिने सायकल खांद्यावर घेतली आणि ती धावत सुटली, चालत नव्हे. सपाट पाणंदीतही ती उतरून धावली. माण म्हणजे रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर यांचा तालुका, आणि ही मुलगीही मुळात धावपटूच असल्याचे नंतर बोलताना कळले. शेवटच्या दोन फेऱ्यांतच ती माझ्यापुढे पाच मिनिटांनी गेली. मातीविषयी माझे गणित बरोबर होते. त्या मातीत सर्वांत वेगवान वाहन दोन पाय आहेत, हे तिचे गणित होते. बक्षीस घेऊन ती लगेच दहिवडीच्या एसटीसाठी निघाली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

अंतिम रेषेवर सायकल १६.० किलो भरली होती. धुतल्यानंतरची मोजणी : मागचे पॅड ०.२ मिलिमीटरने झिजले, साखळी वीस कड्यांना २५५.०, पेडलच्या आसाचे बेअरिंग मोकळे फिरते. फोमचे तुकडे टाकून दिले. साखळी गणपतीआधी बदलायची.

१८ ऑगस्ट, रविवार

शर्यतीने पाणंदीत खोल चाकोऱ्या पडल्या आहेत आणि शेतकऱ्यांना आल्याच्या भरणीसाठी खत त्याच वाटेने न्यायचे आहे. आयोजक आणि आम्ही काही स्पर्धक मिळून आज तिथे मुरूम टाकला, कडेचे चर मोकळे केले आणि सपाट भागातील बांधाखालून पाणी काढायला एक पाइप बसवला. अण्णांनी माहेरून फावडी आणि दोन माणसे पाठवली. ज्यांच्या वाटेवर आपण शर्यत करतो त्यांची वाट आपणच नीट करून द्यावी, हा नियम पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात लिहावा, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

पुढील टप्प्यात दर बुधवारी खांद्यावर सायकल घेऊन अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या कच्च्या वाटेने चढावर धावायचे आहे. सुरुवात चारशे मीटरच्या टप्प्यांनी आणि मध्ये दोन मिनिटे चालणे. खांद्याला नळी काचते, तिथे बसवण्यासाठी मिस्त्रींकडून जुन्या ट्यूबची गादी शिवून घेतली आहे. परतीच्या पावसात माहेरच्या पाणंदीत दोन्ही प्रकारे, चालवत आणि धावत, त्याच अंतराची वेळ घेऊन माती कोणत्या अवस्थेत आली की उतरणे फायद्याचे ठरते, तो आकडा काढायचा आहे.